दुसरा ठिपका

११ जानेवारी, लायडन

रेनाउटनं आज सरळच विचारलं, "प्रबंधात चौथं प्रकरण आहे की नाही?" मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, "मार्चमध्ये सांग," आणि कप उचलून चालू लागला. चार वर्षं हा माणूस माझा मार्गदर्शक आहे, आणि एवढ्या वर्षांत तो माझ्याशी जे बोलला ते एका पोस्टकार्डावर मावेल. म्हणून ही वही आणली. कुणाशी तरी बोलायला नको का?

चौथं प्रकरण म्हणजे माझा तारा. त्याला नाव नाही. यादीत क्रमांक आहे, ९२४७-३१६-२. तो दक्षिणेकडचा, लायडनला कधीच उगवत नाही, म्हणजे ज्याच्यावर मी चार वर्षं घालवली त्याला मी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी चिलीतल्या डोंगरावरच्या दुर्बिणीनं त्याचा प्रकाश झाकून फोटो काढला, तर शेजारी दोन ठिपके निघाले. एक जवळ, दुसरा त्याच्या दुप्पट लांब. ठिपका म्हणजे ग्रह असेलच असं नाही. मागे कोसो दूर असलेला कुठला तरी परका ताराही नेमका तिथे दिसू शकतो. त्यावर उपाय एकच: वर्ष-दोन वर्षं थांबून पुन्हा फोटो काढायचा. तारा आकाशात हळूहळू सरकतो. त्याची पोरं असतील ती बरोबर येतात, परका असेल तो मागे राहतो.

तोवर अक्षर द्यायचं नाही, हा रेनाउटचा नियम. तारा स्वतः ए, पहिला ग्रह बी, पुढचा सी. गेल्या वर्षी ढगांमुळे एकच फोटो हाती लागला, तोही अरुंद चौकटीचा. त्यात जवळचा ठिपका होता, लांबचा चौकटीबाहेर. जवळचा ताऱ्याबरोबर इमानदारीत आला आणि बी झाला. बाळ झाल्यावर घरोघरी वाटतात तसे बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या घातलेले टोस्ट आम्ही सगळ्यांनी ऑफिसात खाल्ले.

दुसरा ठिपका अजून "दुसरा ठिपका"च आहे. एका ग्रहावर प्रकरण उभं राहत नाही, तसे बऱ्याच जणांना मिळालेत. सूर्यासारख्या तरुण ताऱ्याभोवती दोन, आणि दोन्ही फोटोत, हे मात्र प्रकरण आहे. ऑगस्टमध्ये माझं कंत्राट संपतं. म्हणजे सगळं त्या एका ठिपक्यावर आलं.

२९ जानेवारी

आज चांगली बातमी. जुन्या यादीत माझ्या ताऱ्याला म्हातारा ठरवलं होतं, वयानं फुगलेला. फुगलेला आहे हे खरं, पण तान्ही बाळंही गुबगुबीत असतातच की. त्याच्या प्रकाशात लिथियमची रेघ बघितली. ताऱ्यांचं लिथियम वय वाढेल तसं जळून जातं. याची रेघ इतकी ठसठशीत आहे की मी दोनदा मोजली. वय दीड-पावणेदोन कोटी वर्षं. आपला सूर्य चारशे साठ कोटींचा, त्याच्यापुढे हा पाळण्यातच आहे. तारा म्हातारा निघाला असता तर शेजारच्या ठिपक्यांना ग्रहही म्हणता आलं नसतं, ते जडच्या जड, अर्धवट राहिलेले तारे ठरले असते.

म्हातारा हा शिक्का मी स्वतःच्या हातानं खोडला. रेनाउटला दाखवलं. तो म्हणाला, "हं." त्याच्याकडून 'हं' म्हणजे बँडबाजा.

फोटो साफ करायची आमची नवी प्रणाली या आठवड्यात सुरू झाली. पहिल्या वर्षाचा फोटोही तिच्यातून पुन्हा काढून ठेवला, म्हणजे मार्चमध्ये नवा आला की दोन्ही एकाच मापानं मोजता येतील. शहाणी मुलगी.

१६ फेब्रुवारी

पहिल्या फोटोला आज दोन वर्षं झाली. घरी फोन केला. वडिलांनी, आमच्याकडे त्यांना हाइत म्हणतात, नेहमीसारखा दोन रिंगमध्ये उचलला; त्यांच्याशी बोलतानाही 'तुम्ही' नाही, हाइतच म्हणायचं.

"हाइत जेवले का?"

"जेवलो. त्या डोंगरावर हवा कशी आहे?"

दर वेळी हेच. वडिलांना ताऱ्यांत काडीचा रस नाही, हवेत मात्र आहे. एकेचाळीस वर्षं फ्रीसलंडमधल्या आमच्या गावचा, बोटींना वाट द्यायला मधल्या खांबाभोवती आडवा वळणारा पूल फिरवला, तेव्हा वारा आणि धुकं यापलीकडे जग नाही. आता पूल कुठल्या तरी शहरातून कॅमेऱ्यावर चालतो आणि हाइत खिडकीत बसून तो नीट बंद होतो की नाही ते बघतात. मेम, माझी आई, गेल्यापासून तर जास्तच.

विद्यापीठाच्या प्रसिद्धी खात्यातली बाई मागे लागली आहे, हे त्यांना सांगितलं. तिला ताऱ्यासाठी "काहीतरी गोड टोपणनाव" हवंय, क्रमांक म्हणे लोकांच्या लक्षात राहत नाही. मी विचारलं, हाइतना काही सुचतं का?

"बोटीचं नाव मालक ठेवतो," हाइत म्हणाले. "पूलवाल्यानं फक्त नोंद करायची."

संपलं. त्या बाईला काय कळवू हे काही मिळालं नाही.

१२ मार्च

फोटो आला! स्वच्छ हवा, रुंद चौकट, दोन्ही ठिपके चौकटीत. बास्तियान माझ्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता. तो माझ्याच खोलीत बसतो, त्याचा प्रबंध धुळीच्या कड्यांवर आहे. म्हणाला, "मी टोस्टचा डबा आणून ठेवलाय, कपाटावर." मी म्हटलं, आधी मोजू दे. हल्ली तो माझ्या कामात फार लक्ष घालतो. त्याला चौथं प्रकरण हवंय की काय अशी शंका येते. मोजणीला दोन दिवस लागतील.

१४ मार्च

सी नाही.

पहिल्या फोटोपासून दुसरा ठिपका सरकलाय. तारा गेला तिकडे नाही, उलट मागे. परका राहतो तसा. दिशा अगदी तंतोतंत नाही, पण साधारण तीच. पाच वेळा मोजलं. बीसुद्धा थोडा हललाय, पण तो ताऱ्याभोवती फिरतोय तेव्हा हलणारच. त्याचं काही नाही.

बास्तियाननं पडदा बघितला आणि कपाटावरचा डबा काढून स्वतःच्या खणात ठेवला. डब्याची एवढी काळजी! घरी आले, तशीच कोटासकट पलंगावर पडून राहिले. रडलेसुद्धा. लिहून ठेवते, कुणी वाचणार नाहीये.

१५ मार्च

सकाळी आंघोळ करताना एक घाणेरडा विचार आला. प्रबंधात "सी" असं छापायचं, पुढे बारीक अक्षरात "पुष्टी बाकी". समिती बारीक अक्षरं वाचत नाही. दोन वर्षांनी दुसरं कुणीतरी खोडून काढेल, तोवर मी कुठे तरी नोकरीला लागलेली असेन. हा विचार कॉफी संपेपर्यंत टिकला. मग रेनाउटच्या खोलीत गेले आणि जे आहे ते सांगितलं.

त्यानं दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले.

"सी बाजूला ठेव," म्हणाला. "बी किती हलला?"

"थोडासा."

"किती?"

"बघून सांगते. पण रेनाउट, प्रश्न बीचा नाहीये."

"बघून सांग."

म्हणजे त्यानं सीवर पाणी सोडलं. हाती आहे तो एक ग्रह तरी नीट मांड, असा अर्थ. जाताना म्हणाला, "छापखाना दोन आठवडे बंद आहे. प्रबंध एप्रिलमध्ये दिला तरी चालेल." बरं झालं, पण आता देऊन तरी काय देणार?

१७ मार्च

हाइतना सांगायलाच हवं होतं. मी म्हटलं, दुसरा ठिपका आमचा नाही. तो सरकला.

"आणि पहिला?"

"तोही जरा."

"दोघं एकाच बाजूला वळले?"

"हो, पण लांबचा जास्त. साधारण दुप्पट."

हाइत म्हणाले, "पूल फिरवताना मी मधल्या खांबावर उभा असायचो. मेम पहिल्यांदा तिथे आली तेव्हा घाबरून माझा हात धरला. म्हणाली, गाव फिरतंय. जवळची घरं कमी, चर्चचा मनोरा जास्त. मी म्हटलं, बाई गं, गाव कुठे जातंय, आपण फिरतोय."

वय झालं. मी ग्रहाबद्दल बोलतेय आणि त्यांना मेम आठवते. पण आवाज बरा होता, म्हणून ऐकून घेतलं. मेमनं हात धरला होता हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी पुन्हा विचारलं, "डोंगरावर वारा कमी झाला ना? परवा फार होता." हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

२० मार्च

काही नाही. चौथं प्रकरण तीन पानांचं करून बघितलं. तीन पानांचं प्रकरण म्हणजे माफीपत्र. दुपारी बास्तियाननं त्याच्या जेवणाच्या डब्यातली मुरलेल्या गौडा चीजची पावाची फोड माझ्यापुढे सरकवली, "जास्तीची आलीय." रोज कशी जास्तीची येते याची? मी खाल्ली. त्यानं विचारलं, "मी मोजून बघू का एकदा?" मी म्हटलं, नको, माझं मी बघते. आवाज चढलाच होता.

२३ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर कसंही येईल.

सकाळी सायकलवरून येताना कालव्यावरचा पूल वर गेला. आम्ही दहा-बाराजण वैतागून उभे, खालून वाळूची बोट चाललेली. मी बोटीकडे बघत होते. एकदम वाटलं की बोट थांबलीय आणि आपण मागे सरकतोय, आणि पायाखालची जमीन गेली. मी मोठ्यानं म्हणाले, "गाव कुठे जातंय!" शेजारची बाई सायकल घेऊन बाजूला झाली.

बी हललाच कसा? त्याला ताऱ्याभोवती एक फेरी मारायला दोन हजार वर्षं लागतात. दोन वर्षांत तो आम्हाला दिसेल इतका हलूच शकत नाही. आणि गेल्या वर्षी हललाही नव्हता, तेव्हाच तर त्याला अक्षर दिलं! दोघं हलले, एकाच बाजूला, एकाच कोनानं, जवळचा कमी, लांबचा दुप्पट. ठिपके हललेच नाहीत. फोटो फिरलाय.

कॅमेऱ्याची वरची बाजू म्हणजे बरोब्बर उत्तर दिशा नसते, ती जराशी तिरकी असते. म्हणून प्रत्येक फोटो तेवढ्या कोनातून फिरवून सरळ करायचा. पहिल्या वर्षी मी त्यासाठी चार ओळींची आज्ञावली लिहिली होती आणि तिचा मला केवढा अभिमान. नवी प्रणाली हे काम स्वतःच करते. जानेवारीत मी पहिला फोटो नव्या प्रणालीतून काढला आणि शेवटी माझ्या त्या चार ओळी तशाच चालू राहिल्या. मार्चचा फोटो एकदाच सरळ झाला, पहिला दोनदा. म्हणजे वाकडा झाला.

शहाणी मुलगी!

त्या चार ओळी खोडल्या. पुन्हा मोजलं. आकडा आलाय, पण इथे लिहीत नाही. माझ्या मोजणीवर माझाच विश्वास उरलेला नाही. बास्तियानला म्हटलं, "तू मोजशील का? अगदी मुळापासून, तुझ्या पद्धतीनं. मला आकडा सांगू नकोस, मी तुला सांगणार नाही." तो म्हणाला, "कधीपासून विचारतोय मी." आणि लगेच कामाला लागला. तीन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नव्हते, त्याबद्दल एक शब्द नाही.

२४ मार्च

साडेदहाची कॉफी. मी माझा आकडा कागदावर लिहून घडी घातली, बास्तियाननं त्याचा. रेनाउटसमोर दोन्ही ठेवले. रेनाउटनं आधी बिस्किट संपवलं. मग माझा कागद उघडला, मग त्याचा. मग दोन्ही शेजारी ठेवले.

"सारखेच," म्हणाला. "दोन्ही बरोबर आले. सी."

दहा दिवस छातीवर कुणी तरी बसलं होतं ते उठून गेलं. मी हसत होते आणि नाक पुसत होते आणि बास्तियान रुमाल शोधत होता, जो त्याच्याकडे नव्हता.

चूक माझी, हेही मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दोनदा फिरवलं. रेनाउट म्हणाला, "हं." नंतर त्याच्या खोलीत सही घ्यायला गेले तर टेबलावर एक कागद. १५ मार्च तारीख, दोन ठिपके, आणि एक कोन, भोवती गोल. माझा फोटो जेवढा वाकडा झाला होता, बरोब्बर तेवढा.

"तुला माहीत होतं?"

"शंका होती."

"नऊ दिवस! नऊ दिवस मी तीन पानांचं माफीपत्र लिहीत बसले!"

"मी सांगितलं असतं तर तो माझा सी झाला असता," रेनाउट म्हणाला. "चहा घेणार?"

जेवणापर्यंत मी चिडलेली होते. जेवणानंतर चिडता येईना.

२५ मार्च

टोस्ट. बास्तियाननं खणातला डबा काढला. मुलीच्या गुलाबी गोळ्या आणायच्या की मुलाच्या निळ्या हे न ठरल्यानं त्यानं फेब्रुवारीतच दोन्ही घेतल्या होत्या. मार्चमध्ये डबा लपवला तो मला रोज दिसू नये म्हणून, असं रेनाउटच तोंड वाकडं करून म्हणाला. बास्तियानचे कान लाल झाले. खोली गरम होती खरी. त्यानं माझ्या प्रकरणाची एक ओळही मागितलेली नाही. भलताच साधा मुलगा.

हाइतना फोन केला. "पूल फिरला होता," मी म्हटलं.

"हं," हाइत म्हणाले. रेनाउट आणि हाइत लहानपणी हरवलेले भाऊ असावेत.

८ एप्रिल

प्रबंध छापखान्यात दिला. तिथल्या माणसाला म्हटलं, सुट्टी कशी झाली? तो म्हणाला, कसली सुट्टी, मार्चभर मान वर करायला फुरसत नव्हती. काही तरी घोळ आहे, जाऊ दे.

इथे प्रबंधाबरोबर, आपण वादात टिकवून दाखवू अशा विधानांचं पानही द्यावं लागतं, आणि शेवटचं विधान विषयाबाहेरचं, आपल्या मर्जीचं. बास्तियाननं वीस विनोद सुचवले. मी लिहिलं: "पूलवाल्यानं बोटीला नाव ठेवू नये, नोंद करावी." प्रसिद्धीवाल्या बाईलाही तेच कळवलं. तारा क्रमांकानंच जाईल. वजनानं साधारण सूर्याएवढा, वय पावणेदोन कोटी वर्षं, बी आणि सी. एवढी ओळख त्याला पुरे. पुढे कुणाला नाव ठेवायचा हक्क मिळेल त्यानं खुशाल ठेवावं.

२ जून, फ्रीसलंड

छापलेला प्रबंध घेऊन घरी आले. बास्तियान गाडीनं सोडायला आला, "त्याच बाजूला काम होतं" म्हणे. लायडनहून दोन तासांवर याला काय काम असतं देव जाणे. हाइतनी त्याला आत बोलावलं आणि पूल दाखवायला नेलं. मी चहा टाकला आणि संडासात गेले.

दारामागे मेमची वाढदिवसांची दिनदर्शिका, इथे घरोघरी संडासातच टांगतात तशी. तिच्यात वार नसतात, म्हणून ती कधी जुनी होत नाही. मेमचा स्वतःचा वाढदिवस अजून तिच्याच अक्षरात आहे. ती गेल्यापासून त्यात कुणी नवं नाव लिहिलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. पान जूनचं होतं. सहज मागची पानं उलटली.

१६ फेब्रुवारीखाली, हाइतच्या नोंदवहीतल्या उभ्या अक्षरात, निळ्या शाईनं: ९२४७-३१६-२. एकही आकडा चुकलेला नाही. त्याखाली शाईनं बी. त्याखाली पेन्सिलीनं सी.

चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा बाहेर आले. हाइत दारात बूट काढत होते.

"हाइतनी तो क्रमांक कधी लिहिला?"

"तू पहिल्यांदा फोन केलास तेव्हा. दोन वर्षं झाली."

"आणि सी? मी मार्चमध्ये सांगितलं होतं, तो आमचा नाही. हाइतनी खोडला नाही?"

हाइतनी दुसरा बूट काढला, जोडीला नीट लावला. "बोट लांबून दिसली की पेन्सिलीनं लिहायची. पुलाखालून पलीकडे गेली की शाईनं. मधूनच माघारी फिरली तर खोडायची." माझ्याकडे बघितलं. "ही माघारी फिरलेली मी पाहिली नव्हती."

मी त्यांच्या हातात प्रबंध दिला. त्यांनी तो उघडला नाही, आधी शर्टाच्या खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"हाइतनीच लिहावं," मी म्हटलं. "नोंद पूलवाल्याची."

ते संडासात गेले, चष्मा लावला, भिंतीला टेकून पेन्सिलीच्या रेघेवरून शाई फिरवली. सावकाश, एकदाच. मग फुंकर घालून पान वाळवलं आणि पुन्हा जून लावून ठेवला.

"हवा कशी आहे तिकडे?" बाहेर येत त्यांनी विचारलं.

या वेळी मी सांगितलं. वारा कमी आहे, आकाश स्वच्छ आहे.

"ठाऊक आहे," हाइत म्हणाले. "सकाळी डोंगरावरच्या कॅमेऱ्यात बघितलं."